खडकेवाडीसाठी राहिलेला भाग

टीव्हीवर कधी काय लागणार हे छापणाऱ्या साप्ताहिकाला कुणी वर्तमानपत्र म्हणत नाही. मीही म्हणत नव्हते. धाराशिवच्या बसस्टँडवर शेंगदाण्याच्या पुड्या ‘चित्रवेळ’च्या कागदात बांधलेल्या मिळायच्या आणि मला वाटायचं, या कागदाचा एवढाच उपयोग. माणसांच्या घरात संध्याकाळी दिवा लागत नाही, आणि हे छापतात काय, तर शनिवारी आठ वाजता कुठलं यान कुठल्या ताऱ्याकडं निघालं!

हे मी तोंडावर बोलून दाखवायला गेले होते. विश्वनाथ ढवळे, म्हणजे सगळ्यांचे ढवळेकाका, ‘चित्रवेळ’चे संपादक, मालक, मुद्रितशोधक आणि वाटप करणारेही. त्यांची एक खोली, तिच्यात एक उंच फळी. त्या फळीपाशी ते उभ्यानं लिहायचे. त्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. दोन ओळी लिहायच्या, दारापर्यंत जायचं, खांबावरच्या तारांकडं बघायचं, परत यायचं, दोन ओळी लिहायच्या. सदऱ्याच्या खिशाला पेन नाही, टेस्टर. आधी ते टीव्ही दुरुस्त करायचे. अणदूरपासून बेंबळीपर्यंत कुणाच्या घरात कुठला टीव्ही आहे आणि त्याचं काय बिघडतं, हे त्यांना तोंडपाठ. दुरुस्तीला गेलं की लोक विचारायचे, "आता ह्याच्यावर चांगलं काय असतंय?" म्हणून त्यांनी एक चिठ्ठी लिहायला घेतली. तिचं पुढं सोळा पानांचं साप्ताहिक झालं.

भेटणाऱ्याला ते ‘कसे आहात’ विचारायचे नाहीत. विचारायचे, "लाईट हाय का तुमच्याकडं?"

मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, "नाही. आणि त्याचसाठी आलेय. गावंच्या गावं अंधारात आणि तुम्ही पान भरून आकाशातल्या गप्पा छापता. लाज वाटत नाही?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या गावची?"

"कार्यकर्ती आहे. सगळ्या गावांची."

"म्हंजे कुठलीच न्हाय," असं म्हणून त्यांनी एक अंक पुढं सरकवला. "सहावं पान वाच. मग भांड."

सहाव्या पानावर ‘ध्रुवापार’ होतं. ही मालिका वीस-एकवीस वर्षं चालली आहे. आमच्या वयाची पोरं तिच्याबरोबरच मोठी झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पृथ्वी सोडून निघालेलं एक यान, त्यात चारपाचशे माणसं, वाटेत जन्मलेली लेकरं वाटेतच म्हातारी होतात, आणि पोचायचा ग्रह काही येत नाही. यानात बियांची एक कोठी आहे. ती सांभाळणारी म्हातारी अनसूयाबाई. आमच्याकडं कप्तानाचं नाव कुणाला आठवायचं नाही, अनसूयाबाईंचं सगळ्यांना. काकांकडं पत्रं यायची ती असली: यानात पावसाळा नाही, मग ज्वारी पेरतात कधी? तिकडं कणसावर चिकटा पडतो का? काका ती छापायचे आणि खाली उत्तर द्यायचे: "मालिकेत दाखवलेलं न्हाय, त्यामुळं सांगता येत न्हाय."

पण सहावं पान म्हणजे परीक्षण नव्हतं, नटनट्यांच्या भानगडी नव्हत्या. त्या पानाचं नाव होतं ‘राहिलेला भाग’. त्याची रीत अशी. शनिवारी आठ ते साडेआठ ‘ध्रुवापार’ लागायचं. रविवारी सकाळी गावागावांतून काकांना फोन यायचे. काका एकच प्रश्न विचारायचे: "कुठवर बघितलं?" गाव सांगायचं, अमुक प्रसंगाला लाईट गेली. आणि मंगळवारच्या अंकात त्या गावाच्या नावाखाली तिथूनच पुढची गोष्ट यायची. ‘खडकेवाडी: अनसूयाबाई कोठीचं कुलूप काढतात, इथून पुढं.’ दुसऱ्या गावाची लाईट आधी गेली असेल तर त्याची गोष्ट आधीपासून. पाच गावं असली तर पाच सुरुवाती, शेवट एक.

मी उभ्याउभ्या तीन अंक वाचले. मग म्हटलं, "काका, तुम्हाला कळतंय का, हे काय आहे?"

"कळतंय की. टीव्हीचं साप्ताहिक हाय."

"आणि मोबाइलवर नाही का बघत लोक?"

"लाईट गेली की टॉवर बी जातोय, बाई. शहरातली हायस व्हय तू?"

शहरातली म्हटल्याचा राग मला आठवडाभर होता. पण मी पुन्हा गेले. कारण खडकेवाडी. बेंबळीच्या पुढं, डांबरी सोडून आत, उंबरे फार तर सव्वाशे. शेतीपंपांची आणि घरांची लाइन एकच. शेतीची वीज बंद केली की घरांचीही बंद. आमच्या संघटनेची मागणी साधी होती, गावठाणाची लाइन वेगळी करा. वीज कंपनीचं उत्तर याहून साधं होतं. संध्याकाळी तिथला पुरवठा खंडित होतच नाही, तशी नोंद नाही. तीन वर्षं हेच उत्तर. नोंद ठेवणारे ते, नाही म्हणणारे ते. आम्ही पत्रकं काढत होतो.

ती पत्रकं मी काकांकडंच छापायला द्यायला लागले, आणि तिथं माझं खरं शिक्षण झालं. ‘जुलमी, निर्दय, झोपेचं सोंग घेतलेल्या यंत्रणेचा धिक्कार’ असं मी लिहून नेलं. काकांनी टेस्टरचं टोक एकेका शब्दावर ठेवलं. "जुलमी काढ. निर्दय काढ. सोंग काढ."

"मग राहिलं काय?"

"तेच तर मी म्हनतोय."

"काका, लोक पेटले पाहिजेत!"

"लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, ते लिही. पेटायचं तर पेटतील, न्हायतर तुझ्या निर्दयनं काय पेटणार?"

वाहिनीवाल्यांशीही त्यांचं असंच. प्रत्येक भागाची माहिती म्हणून तिकडून एक ओळ यायची: ‘थरारक वळण!’ वर्षातल्या बावन्न आठवड्यांत बावन्न थरारक वळणं. काका ती खोडायचे आणि स्वतःची दीड ओळ लिहायचे. दोन ओळी नाही, एक नाही, दीड. त्यात काय घडणार ते सांगायचं नाही आणि घडणार नाही असं काही सुचवायचंही नाही. ‘कोठीत उंदीर शिरल्याचा संशय. कप्तान ऐकून घेत नाही.’ बस्स. मालिकेचा हजारावा भाग आला तेव्हा सगळीकडं नायिकेचे गुळगुळीत फोटो लागले होते. ‘चित्रवेळ’चं मुखपृष्ठ अख्खं काळं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत गावांची नावं, आणि खाली, ‘यांनी हजारावा भाग पाहिला नाही.’ दुकानदार बोंबलले, शाई हाताला लागते म्हणून. काका म्हणाले, "लागू द्या."

तर, एवढा पुरावा या माणसाच्या कपाटात पडून होता. लाईट रोजच जायची. पण शनिवारचीच नोंद झाली होती, कारण शनिवारी गेलेली लाईट लोकांना सहन व्हायची नाही आणि ते फोन करायचे. कुठल्या प्रसंगाला गेली हे छापलेलं, आणि तो प्रसंग किती मिनिटांनी येतो हे वाहिनीच्या चित्रफितीवरून काढता येतं. सलग एक वर्षाचे अंक वीज ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढं ठेवायचे, असं आम्ही ठरवलं. खडकेवाडीत सभा झाली. तिथल्या सरूबाई, शेळ्या राखणाऱ्या, तोंडानं तिखट, उठून म्हणाल्या, "एवढ्यानं लाईट येणार आसंल तर म्या तर रोज टीव्ही बघाय तयार हाय!" गाव हसलं. पण दहावीला बसलेल्या पोरी बॅटरीच्या उजेडात अभ्यास करत होत्या, आणि त्या हसल्या नाहीत.

सुनावणीच्या आधल्या दिवशी मी अंकांच्या फायलीच्या झेरॉक्स काढत होते. एका अंकाच्या समासात लाल शाईनं लिहिलेलं दिसलं: ‘हा भाग मी पाहिला नाही. मनानं लिहिला. वि. ढ.’ पुढच्या तीन अंकांवर, फक्त खडकेवाडीच्या मजकुराशेजारी: ‘हेही मनचं.’

मी फाईल घेऊन त्यांच्याकडं धावले. ते दारात उभे होते, तारांकडं बघत.

"ते होय," म्हणाले. मग येरझाऱ्या घालत सांगितलं.

त्या शनिवारी वादळ झालं आणि धाराशिवचीच लाईट गेली. भागात कोठीला आग लागलेली, अनसूयाबाई आत, आणि अंधार. रविवारी फोन सुरू. काकांनी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, कुणीच पाहिलं नव्हतं. पुनःप्रसारण सोमवारी दुपारी, आणि अंक तर सोमवारी सकाळी छापायला जायचा. ‘राहिलेला भाग’ इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता. काकांना मोह पडला. त्यांनी लिहिलं, अनसूयाबाई ओलं पोतं अंगावर घेऊन बाहेर आल्या.

सोमवारी दुपारी बघतात तर म्हातारी मेली होती.

"बाकीच्या गावांनी बी सोमवारी खरं बघितलं. फोन करून चार शिव्या घातल्या आन सोडून दिलं. खडकेवाडीत सोमवारी दुपारी लाईट नव्हती. मंगळवारी अंक गेला, आन बुधवारी सरूबाईचा फोन. ‘काका, म्हातारी वाचली, आमी गल्लीत शिरा केला.’" काका दारापर्यंत जाऊन आले. "आता काय सांगू?"

त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या दोन शनिवारीही खडकेवाडीची लाईट मालिका सुरू व्हायच्या आतच गेली, तिसऱ्या शनिवारी पहिल्या दोन मिनिटांत. मग काकांनी फक्त खडकेवाडीपुरत्या अनसूयाबाई जिवंत ठेवल्या; बाकीच्या गावांच्या मजकुरात त्यांचं नावच येऊ दिलं नाही. तीन अंक. त्या कोठीत नवी रोपं लावत होत्या, कप्तानाला दोन शब्द सुनावत होत्या. पाव्हणेरावळे सांगायचे, अहो, ती म्हातारी कवाच मेली. गाव म्हणायचं, छापून आलंय, तुमीच नीट बघितलं न्हाय. चवथ्या शनिवारी कशी कोण जाणे, लाईट टिकली. आणि अख्ख्या खडकेवाडीनं अनसूयाबाईंच्या फोटोला घातलेला हार पाहिला.

"दुसऱ्या दिवशी सरूबाई इथं. ह्या दारात. म्हणली, ‘काका, आमच्या म्हातारीला तुमी जगवलं, आन टीव्ही बघून आमी मारलं व्हय?’ मी म्हटलं, चुकलं माझं. तर म्हणली, ‘चुकलं न्हाय. पर ही गोष्ट माझ्या मनची हाय, आसं म्हणायचं हुतं. आमी काय ऐकली नसती का?’"

त्यानंतर त्यांनी फायलीतल्या अंकांवर लाल शाईनं लिहून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "हे चार अंक काढून टाकू."

"मग वर्षाची साखळी तुटली की. आन लाईट गेलेली खरी हाय त्या चारी शनिवारी."

"मग तुम्ही हे बोलायचं नाही. कुणी विचारणार नाही."

ते काही बोलले नाहीत. मी ते न बोलणं होकार धरला. आणि मी काय केलं तेही लिहिते, कारण दुसऱ्यांची पापं छापायची सवय मला आहे. झेरॉक्सवर उतरलेल्या त्या ओळींवर मी पांढरा रंग लावला, आणि पुन्हा झेरॉक्स काढली. समास कोरे झाले. मला जराही वाईट वाटलं नाही. समोरचा तीन वर्षं खोटं बोलतोय, आमची चार ओळींची लपवाछपवी कशात मोजायची?

सुनावणीला खडकेवाडीची तीसेक माणसं आली. मंडळाचे तीन सदस्य, समोर कंपनीचे अधिकारी. ते फाईल चाळत हसले. "करमणुकीचं साप्ताहिक आहे हो हे. परग्रहावरच्या गोष्टी." अध्यक्षांनी त्यांना थांबवलं आणि काकांना विचारलं, "यातला मजकूर खरा आहे, असं शपथेवर सांगाल?"

काका उभेच होते. पिशवीतून त्यांनी मूळ फाईल काढली.

"चार अंकांतला न्हाय, साहेब." त्यांनी ते चारी अंक उघडले आणि लाल ओळी वाचून दाखवल्या. एकेक. मोठ्यानं. "ह्या चार वेळा गोष्ट म्या मनानं रचली."

अधिकारी उठलेच. "म्हणजे खोटं छापलंत!"

"व्हय. गोष्ट खोटी छापली. लाईट गेल्याली खरी हाय."

अध्यक्षांनी आमची झेरॉक्स हातात घेतली, मूळ पानाशी लावली. "हा शेरा या प्रतीवर का नाही?"

मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ घोषणा नव्हती. "मी झाकला," म्हटलं.

मागं कुजबुज झाली. मग सरूबाईंचा आवाज: "सायेब, कागद ऱ्हाऊ द्या बाजूला. आमाला इचारा की! आग लागली तवा गेली. त्येच्या आधी, उंदीर घावला तवा. त्येच्या आधी, कप्तानाच्या पोरीचं लगीन, नवरदेव आत आला आन गेली, नवरी बघायची ऱ्हायलीच." दुसरा कुणी तरी म्हणाला, "लगीन न्हवं, सरूमावशे, जावळ हुतं ते." "गप रं, लगीनच!" सदस्यांपैकी एक बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मी हसले नाही. मला काकांचा गळा धरावासा वाटत होता.

बाहेर आल्यावर मी बोलून गेले, "काका, तुम्ही गाव बुडवलंत."

ते चालायचे थांबले. एवढं स्थिर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या वळीवर रंग लावलास तू. मला न विचारता." एवढंच म्हणाले आणि स्टँडकडं चालू लागले. त्यानंतर दोन महिने त्यांनी माझं एक पत्रक छापलं नाही. मी दुसरीकडं छापून घेतली. त्यांत जुलमीही होतं आणि निर्दयही. वाचताना मलाच ते ढोलासारखं पोकळ लागायचं.

मग मंडळाचा आदेश आला. साप्ताहिक हा वेळेचा पुरावा धरता येत नाही, असं त्यात होतं. ते वाचून मी टेबलावर हात आपटला. पण पुढं लिहिलं होतं की, साक्षीदारानं स्वतःविरुद्धची नोंद स्वतःहून दाखवली, त्यामुळं तक्रार बनावट मानता येत नाही. सबब खडकेवाडीच्या लाइनीवर नोंद ठेवणारं मीटर बसवावं आणि तीन महिन्यांनी अहवाल द्यावा. मीटर बसलं. मीटरला ‘ध्रुवापार’ माहीत नव्हतं. लाईट जेव्हा गेली तेव्हा त्यानं गेली म्हणून दाखवलं, शनिवारी आणि बाकीच्या सगळ्या दिवशीही. गावठाणाची लाइन वेगळी करायला कंपनीनं आणखी वर्ष खाल्लं. त्या वर्षात दहावीच्या पोरींची आणखी एक तुकडी बॅटरीवर बसली. तो हिशेब कोण देणार, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आदेशाची प्रत मी काकांकडं नेऊन दिली. त्यांनी ती उभ्यानं वाचली. "ह्यात विशेषणं न्हाईत बघ," म्हणाले. आमचं बोलणं परत सुरू झालं, पण आधीसारखं नाही. माझी पत्रकं घेताना ते आधी बारकाईनं समास बघायचे. मला ते लागायचं. लागायलाच पाहिजे होतं.

‘चित्रवेळ’ त्याच वर्षी बंद पडलं. कागद परवडेना, आणि कुठल्या वाहिनीवर काय आहे हे विचारणारंही कुणी उरलं नाही. काका पुढं लेकीकडं नागपूरला गेले, आणि तिथंच वारले. मला तार नाही, फोन नाही. उडत उडत कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खडकेवाडीत. नवी लाइन सुरू होऊन आठवडा झाला होता. शनिवार होता. मी गाडी लावून गल्लीत शिरले तर घराघरांतून एकच आवाज येत होता, यानाच्या घरघरीचा. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि काका होते. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जात होते, आत डोकावत होते, पुढं सरकत होते. चेहऱ्यावर पडद्याचा निळा उजेड येत-जात होता. मला वाटलं, हाक मारावी. नाही मारली. ते सरूबाईंच्या दारात जाऊन थांबले. आत दाटीवाटीनं माणसं, सगळ्यांच्या पाठी दाराकडं. काका चौकटीला हात लावून आत बघत राहिले. इतकी वर्षं या गावाला गोष्ट सांगणारा माणूस दारात उभा होता, आणि एकानंही मान वळवली नाही.

मग आतून सरूबाई म्हणाल्या, पडद्यावरची नजर न काढता, "कोन हाय ते? दारात हुबं ऱ्हाऊन वारा आडवू नका. आत तरी या, न्हायतर सरा."

काका सरले.